सदतीस सह्यांचं वर्तुळ

मी भित्रा आहे असं लोक म्हणतात. मी स्वतः 'सावध' हा शब्द वापरतो. गॅस बंद केला का ते बघायला मी दोनदा जिन्यातून परत येतो, रस्ता एकेरी असला तरी दोन्हीकडे बघून ओलांडतो, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो मागून-पुढून वाचतो. इतकी काळजी घेणारा माणूस जर सरकारी दप्तरात 'मुख्य हरकतदार' म्हणून नोंदला जात असेल, तर काळजी घेण्यात फारसा अर्थ नाही असंच म्हणावं लागेल. हे मी बायकोच्या दुकानात, बटणांच्या डब्यांमध्ये अंग चोरून स्टुलावर बसून लिहितो आहे. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. तेही मी बसण्याआधी तपासलं होतं.

आमच्या गल्लीच्या एका बाजूला आमच्या इमारती आहेत आणि दुसऱ्या बाजूला एका रिकाम्या मैदानाची लांबच लांब भिंत. त्या भिंतीवर एका सकाळी नोटीस लागली. मैदानात चार मजली मेगास्टोअर होणार होतं, सोबत छोटा नकाशा होता, आणि कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत पालिकेच्या कचेरीत कळवा असं खाली लिहिलं होतं. आमच्या इमारतीतल्या कर्नलनी ती नोटीस सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. कर्नल म्हणजे सैन्यातले नव्हेत. ते बसच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झाले, पण मिशी आणि आवाज यांच्या जोरावर त्यांना गल्लीनं ही बढती दिली आहे.

"सुईपासून फ्रीजपर्यंत सर्व काही एका छताखाली!" कर्नल गरजले.

बाकी सगळ्यांना फ्रीज ऐकू आला. माझी बायको म्हणाली, "सुईपासून?"

तिचं शिवणसामानाचं दुकान त्या भिंतीच्या बरोबर समोर आहे. सुया, दोरे, चेनी, लेस, अस्तर आणि बटणांचे दोनशे बारा डबे. प्रत्येक डब्यावर आतलं एक बटण दोऱ्यानं बांधलेलं, म्हणजे उघडून बघायला नको. अकरा वर्षांपूर्वी एका खोक्यावर मांडलेलं हे दुकान तिनं एकेक डबा करत उभं केलं. कुणी तुटक्या बटणाचा अर्धा तुकडा घेऊन आलं तरी ती वर न बघता हात मागे नेते आणि नेमका डबा काढते. समोर चार मजले उभे राहिले तर हे दुकान सहा महिनेसुद्धा टिकणार नाही, हे तिला कळत होतं. मला तर तिच्या आधीच कळलं होतं, कारण ते चार मजले मी काढले होते.

आता हे सांगून टाकलं पाहिजे. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. काढायचो. मेगास्टोअरचं काम आमच्याच ऑफिसात आलं, माझ्याच टेबलावर आलं, आणि मालाच्या ट्रकांचं फाटक आमच्या गल्लीत उघडणार हे मला नोटिशीच्या दोन महिने आधी ठाऊक होतं. नकाशात फाटकासमोर एक छोटा चौकोन होता. साहेबांनी त्यावर पेन्सिल टेकवून विचारलं, "हे काय आहे?"

"दुकान आहे, साहेब."

"कसलं?"

"बटणांचं."

"मग 'किरकोळ बांधकाम' लिहा ना."

मी लिहिलं. माझं अक्षर फार सुरेख आहे. मग साहेब गल्लीवर आले आणि म्हणाले, "इथे रुंदी बारा मीटर दाखवा." मी म्हटलं, "साहेब, गल्ली नऊ आहे." ते म्हणाले, "ट्रकचं फाटक नऊला मंजूर होत नाही, बाराला होतं. तुम्ही काय टेप लावून मोजली आहे?" टेप लावून मोजली नव्हती हे खरंच होतं. मी बारा लिहिलं. पगारी माणसाला पेनाच्या एका फटकाऱ्यात गल्ली तीन मीटर रुंद करता येते.

घरी मी काही बोललो नाही. योग्य वेळ बघून सांगू असं ठरवलं होतं, आणि योग्य वेळेचा एक गुण असा, की ती आली तरी ओळखू येत नाही. पण नोटीस लागली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात आमच्या ऑफिसचं नाव होतं, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'आरेखन' असं लिहून माझं. गल्लीत मुंग्या वाचणारे लोक पुष्कळ आहेत. दुपारी गल्ली पेंगत असताना मी त्या कोपऱ्यावर एक कागद चिकटवून आलो. 'काळी छत्री हरवली आहे. सापडल्यास तळमजला, खोली चारमध्ये आणून द्यावी.' कोरा कागद चिकटवला असता तर संशय आला असता, असा माझा हिशेब.

संध्याकाळपर्यंत दोन छत्र्या आल्या. दुसऱ्या दिवशी तिसरी आली, लाल दांड्याची. आणणाऱ्या मावशी वरच्या मजल्यावर राहतात आणि उपकार अर्धवट सोडत नाहीत. "काळी मिळाली नाही, पण ही काळपट आहे," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. बायकोनं एकदा छत्र्यांकडे पाहिलं, एकदा खुंटीला लटकणाऱ्या आमच्या काळ्या छत्रीकडे पाहिलं, आणि ती दुकान उघडायला गेली. मी मनात म्हटलं, सुटलो.

रविवारी कर्नलच्या घरी सभा झाली. हरकतीचा अर्ज कर्नलनीच लिहिला होता. त्यात 'राक्षसी' हा शब्द चार वेळा होता. टाळ्या झाल्या, चहा झाला आणि सह्यांची वेळ आली तेव्हा सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसायला लागलं. पहिली सही करायची कुणी?

"मी केली असती," कर्नल म्हणाले, "पण सेनापती पुढे पडला तर सैन्य सांभाळणार कोण?"

कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझी ना नाही. पण दवाखान्याच्या पाटीची परवानगी त्याच कचेरीकडून दरवर्षी घ्यावी लागते. आपलेच दात, आपलेच ओठ." धंद्यामुळे त्यांच्या तोंडी दाताशिवाय म्हण येत नाही. मावशी म्हणाल्या, त्यांचा जावई सरकारी नोकरीत आहे. तो दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या गावात आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. बायको एकटी म्हणाली, "द्या इकडे, मी करते पहिली." त्यावर सगळे पुरुष एकदम "छे छे, वहिनी, तुम्ही कशाला" म्हणाले, आणि सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. सही केली तर नोकरी, न केली तर घर. अशा वेळी माणसाला एक तर घाम फुटतो किंवा कल्पना सुचते. मला आधी पहिलं झालं, मग दुसरं. मी म्हटलं, "सह्या गोल करू या."

कर्नलच्या स्वयंपाकघरातून मी एक ताट मागून घेतलं, मोठ्या कागदावर पालथं घातलं आणि कडेनं पेन्सिल फिरवली. अर्ज वर्तुळाच्या आत, आणि सह्या बाहेर, कडेकडेनं, चाकाच्या आऱ्यांसारख्या. पहिला कोणी नाही, शेवटचा कोणी नाही. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन दाबला. माझ्या आयुष्यात कुणी माझ्या बुद्धीचं असं कौतुक केलं नव्हतं, आणि ते केलं नसतं तर बरं झालं असतं.

सदतीस सह्या झाल्या. कागद टेबलावर गरगर फिरत होता. मावशींना कागद फिरवणं पटेना, म्हणून त्या स्वतः टेबलाभोवती फिरल्या आणि त्यांना चक्कर आली. डॉक्टरांची सही दोघांच्या जागेत घुसली. मी तिच्या आडोशाला, बारीक अक्षरात, दिसेल न दिसेल अशी माझी सही केली. शेजारी बायकोनं केली, ठसठशीत.

अर्ज नेऊन द्यायला मात्र पुन्हा कुणाला सवड होईना. शेवटी बायको म्हणाली, "मला घाऊक बाजारात दोरे आणायला जायचंच आहे. वाटेत देऊन येते." ती देऊन आली. पोच आणली. प्रश्न मिटला.

दहा दिवसांनी पोस्टमननं माझ्या नावाचं पाकीट दिलं. आत लिहिलं होतं: 'मुख्य हरकतदार, आपण व इतर छत्तीस यांनी दाखल केलेल्या हरकतीची सुनावणी पुढील मंगळवारी अकरा वाजता होईल. आपण स्वतः हजर राहून म्हणणे मांडावे.' मी ते मागून-पुढून वाचलं. मागची बाजू कोरी होती, तेवढाच दिलासा.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी कचेरीत गेलो. आवक-जावकच्या टेबलावर एक शांत कारकून बसला होता. त्यानं फाइल काढून दाखवली. कागदाला वरच्या कडेला दोन भोकं पाडून तो दोरीत ओवला होता, आणि भोकांच्या बरोबर खाली, शिक्क्याला टेकून, माझी सही होती. डॉक्टरांच्या सहीचं शेपूट तिच्यावरून गेलं होतं, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"अहो, पण हे वर्तुळ आहे," मी म्हटलं. "वर्तुळाला वर नसतं."

"फाइलला असतं," तो म्हणाला. "भोकं पडली, की वर ते वर."

"मग कागद जरा फिरवून लावता येईल का? थोडासा. एक सही पुढे."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मुख्य हरकतदार बदलण्यासाठी सर्व हरकतदारांच्या सहीचा वेगळा अर्ज लागेल. आणि या खेपेला," तो म्हणाला, "सह्या एकाखाली एक."

मी कर्नलकडे गेलो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गल्लीला माझा अभिमान आहे असं सांगितलं. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "एकदाच दुखतं, मग बरं वाटतं." मावशींनी सुनावणीला जाताना छत्री नेण्याची आठवण केली. त्या कारकुनाचा मला असा राग आला, की जिन्यात, आंघोळीला, जेवताना मी त्याच्याशी मनात भांडत होतो. छत्तीस नावं सोडून यानं माझंच वर का आणावं? बायकोला म्हटलं, "असल्या लोकांना कामाची काही किंमत नाही." ती लेस गुंडाळत होती. "नसेल," ती म्हणाली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "उद्या सुनावणीला माझ्याबरोबर चला. मोठा नकाशा धरायला माणूस लागेल, आणि काही विचारलं तर तुम्हाला तो पाठ आहे. तुमच्याच गल्लीतला कोणीतरी पुढारी आहे म्हणे विरोधकांचा. ओळखता?"

"तोंडओळख आहे," मी म्हटलं.

"कसा आहे माणूस?"

"भित्रा आहे," मी म्हटलं. त्या आठवड्यात मी बोललेलं तेवढंच एक खरं वाक्य. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घाबरणं ही माझी जुनी सवय आहे, तिच्याशी माझं बरं जमतं, पण हे काही वेगळंच होतं. छातीत कुणीतरी बसून पाय हलवत होतं. बायकोला सांगावं म्हणून मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पाणी प्यालो.

मंगळवारी सभागृह भरलं होतं. पुढे उंच खुर्चीवर सुनावणी अधिकारी होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. एका बाजूला साहेब. दुसऱ्या बाजूला आमची गल्ली, तिसऱ्या रांगेत बायको, मांडीवर पिशवी. मी नकाशाच्या मागे होतो. नकाशा माझ्याहून उंच होता आणि मी तो दोन्ही हातांनी असा धरला होता, की खाली फक्त माझे बूट दिसत होते. तिथे मला थोडा वेळ बरं वाटलं. सुनावणी संपेपर्यंत असंच उभं राहता येईल असं वाटलं.

"मुख्य हरकतदार कोण?" बाईंनी विचारलं आणि माझं नाव वाचलं. कुणी उठेना. बाईंनी पुन्हा वाचलं. साहेब म्हणाले, "आले नसतील, मॅडम. या लोकांचा उत्साह कागदापुरता असतो." मग बहुतेक नाव त्यांच्या कानातून डोक्यात पोचलं असावं, कारण ते मध्येच थांबले.

तेवढ्यात कर्नल उभे राहिले आणि संपूर्ण सैन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, आहे ना! तो काय, नकाशामागे!"

नकाशा थरथरायला लागला. चारही मजले हलत होते. मी हळूच बाजूनं डोकं काढलं. एकीकडे साहेबांचा चेहरा, एकीकडे गल्लीच्या छत्तीस जणांचा.

"तुम्ही नेमके कुणाच्या बाजूनं आला आहात?" बाईंनी विचारलं.

काहीतरी गुळमुळीत बोलावं म्हणून मी शब्द शोधत होतो, आणि माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. बायको माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, आशेनंही नाही. गिऱ्हाईक बटण आठवत असतं तेव्हा ती जशी थांबते, तशी थांबली होती.

"नऊ मीटर," मी म्हटलं.

"काय?"

"गल्ली नऊ मीटर आहे, मॅडम. इथे बारा लिहिलंय. मीच लिहिलंय."

"मोजली आहे तुम्ही?"

"लेसनं," मी म्हटलं. "म्हणजे, लेसचं रीळ नऊ मीटरचं येतं. एकदा बायकोच्या हातून एक रीळ निसटलं आणि उलगडत गेलं ते समोरच्या भिंतीला टेकून संपलं. नवं कोरं रीळ होतं. एक टोक आमच्या पायरीवर, दुसरं भिंतीला."

सभागृहात कुणी हसलं नाही, तेव्हा मी काय बोलून बसलो ते मला कळलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गल्लीची प्रत्यक्ष मोजणी होईपर्यंत मंजुरी थांबवण्यात येत आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. कर्नलनी टाळ्या वाजवल्या. साहेब नकाशाची गुंडाळी करत माझ्या जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "उद्या दहाला या. येताना ड्रॉवरची किल्ली आणा."

बसमध्ये आम्हा दोघांना शेजारी जागा मिळाली. मी माझी पिशवी मांडीवर ठेवली.

"तुला सांगणारच होतो," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"नोकरी गेली बहुतेक."

"तेही माहीत आहे."

"सगळं त्या कारकुनामुळे झालं बघ. त्यानं कागद उलटा लावला नसता ना..."

"त्यानं नाही लावला," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, बाई, यात वर कोणतं? मी फिरवून दिला."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. अपमान, संताप, जे जे म्हणून त्या क्षणी वाटायला हवं ते सगळं वाटलं. मग विचारलं, "म्हणजे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"नोटीस लागली त्या दिवसापासून. नकाशातल्या झाडांच्या गोलांना चार-चार भोकं कोण काढतं, तुमच्याशिवाय? सगळी बटणं दिसत होती. मग तुमची छत्री हरवली. खुंटीवर असलेली छत्री हरवते कशी, म्हणून कागद वर करून बघितला." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. सभेत सांगाल. तुम्ही ताट मागवलंत."

"पण म्हणून मलाच वर आणायचं?"

"मग कुणाला आणू? कर्नलना?" ती वळली, आणि तिचे डोळे भरलेले होते. "नोकरीची भीती मला कळते हो. मीपण घाबरतेच, रोज शटर उघडताना घाबरते. पण अकरा वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही त्या दुकानात येऊन बसता. आणि तुम्ही लिहिलंत, किरकोळ बांधकाम."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली, म्हणजे दोन पिशव्या माझ्याच मांडीवर झाल्या. तिनं ती परत मागितली नाही.

गल्लीत उतरलो तेव्हा दुपारचं ऊन भिंतीवर होतं. नोटीस तिथेच होती, कोपऱ्यावर माझी छत्रीची चिठ्ठी. बायको कुलूप काढायला गेली नाही. ती माझ्याबरोबर भिंतीपाशी आली आणि उभी राहिली. मी खिशातून पेन काढलं. सवयीनं दोन्हीकडे बघितलं. मावशी गॅलरीत होत्या, कर्नल पानटपरीपाशी विजयाची हकीकत सांगत होते, म्हणजे बघणारे पुष्कळ होते.

मी छत्रीची चिठ्ठी काढली. नकाशातल्या त्या चौकोनावरचे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'शिवणसामानाचं दुकान. सुरू आहे.' अक्षर वाकडं आलं. आयुष्यात इतकं वाकडं अक्षर मी कधी काढलं नव्हतं.

बायकोनं ते वाचलं. मग म्हणाली, "सही?"

मी केली. पूर्ण नावानिशी, सरळ रेषेत, आणि खाली तिच्यासाठी जागा सोडली.